लिनार्दोसची सार्वजनिक वामकुक्षी

पेत्रोनीसी बेटावर दुपारी तीन ते साडेपाच शांतता असते. ही सवय नव्हे, कायदा आहे. या वेळात हातोडा मारता येत नाही, मोटारसायकल फिरवता येत नाही. कोंबडीने अंडे घालायला हरकत नाही, पण त्याची वाच्यता तिने साडेपाचनंतर करावी अशी अपेक्षा असते. लिनार्दोस हा या कायद्याचा सर्वांत निष्ठावान पाईक. उभा जन्म धक्क्यावर बोटींचे दोर बांधण्यात गेल्यामुळे सगळा गाव त्याला मानाने ‘बार्बा’ म्हणे. तळलेले मासे, कांदा, पाव आणि पेलाभर वाइन एवढे पोटात गेले की तो खिडकीजवळच्या पलंगावर डाव्या कुशीला वळे, झडपा लावून घेई आणि जगाशी संबंध तोडून टाकी. देवाने एका दिवसात दोन सकाळी दिल्या आहेत आणि दुसरी न वापरणारे लोक करंटे, असे त्याचे ठाम मत होते.

या सुव्यवस्थेला एका गुरुवारी गावापेक्षा मोठे असे पांढरे जहाज आडवे आले. तेही नेमके तीनला. प्रवासी उतरले, बंद झडपांच्या गल्ल्यांतून हिंडले, मांजरांचे फोटो काढून परत गेले आणि त्यांनी लेखी तक्रार केली: गाव सुबक आहे, परंतु त्यात माणसे बसवलेली नाहीत.

नगराध्यक्ष फ्रांगुलिस यांनी तातडीने हुकूम काढला की, जहाजाच्या दिवशी नागरिकांनी प्रसन्न मुद्रेने जागे राहावे. पुढच्या गुरुवारी सारा गाव दारात खुर्च्या टाकून बसला आणि जांभया देत पाहुण्यांकडे खाऊ की गिळू अशा नजरेने बघत राहिला. नवी तक्रार आली: माहितीपत्रकात ‘विश्रांतीत बुडालेले गाव’ असे वचन होते, प्रत्यक्षात सगळे जागे आहेत.

“दोन्ही तक्रारी रास्त आहेत,” फ्रांगुलिस सभेत म्हणाले. दोन्ही रास्त असल्यावर मार्ग एकच उरत होता. गावाने झोपावे, पण दिसेल असे.

पालिकेत कारकून असलेली लिनार्दोसची पुतणी आर्गिरो निरोप घेऊन आली. “काका, तुमची निवड झाली. घर धक्क्याच्या वाटेवर, खिडकी मोठी, आणि मिशा झुपकेदार. मिशांवर तर एकमत झालं.”

“करायचं काय?”

“झोपायचं. झडपा उघड्या टाकून.”

“ते मी जन्मभर फुकट करतोच आहे की गं!”

“फुकट केली की झोप. नेमणूक झाली की सेवा.”

त्याच्या बायकोला, अनेझोला, हे ऐकून धन्य वाटले. तिने लग्नातला भरतकामाचा अभ्रा काढला. “आणि हे बघा, बनियनवर झोपायचं नाही. चारचौघांत झोपणार आहात, घराण्याची अब्रू आहे.”

पण खरा घात केला तो तिच्याच संस्कारांनी. दाराशी आलेला माणूस तोंड गोड केल्याशिवाय परत जाणे हे त्या बेटावर खुनाच्या खालोखाल पाप आहे. पहिली प्रवासी बाई खिडकीपाशी थबकली आणि अनेझो चमचाभर मुरंबा नि थंड पाण्याचा पेला घेऊन धावली. बाईने बातमी पसरवली. पुढच्या गुरुवारी रांग धक्क्यापर्यंत गेली होती. ओरडून बोलले की परदेशी माणसाला कुठलीही भाषा कळते, अशी अनेझोची श्रद्धा होती.

“घ्या हो, लाजू नका! हा? हा माझा नवरा! झोपलाय! अजून एक चमचा घ्या!”

“अगं, हळू बोल ना,” लिनार्दोस डोळे मिटून पुटपुटला.

“गप्प बसा. झोपलायत ना तुम्ही?”

झोप कसली येते! एका चौकस गृहस्थाने त्याचा डोळा किलकिला झालेला पाहिला आणि पालिकेची नोटीस आली: कर्तव्यावर जागे आढळल्याबद्दल खुलासा करावा. लिनार्दोस घाबरला. पुढच्या गुरुवारी त्याने वाइनचे पेले वाढवले आणि मुरंबा, रांग, अनेझो या सर्वांवर मात करून तो खरोखर घोरू लागला. नेमके त्याच दिवशी जिल्ह्याचे तपासनीस वाटेने गेले. त्यांची नोटीस आली: पालिकेचा सेवक कर्तव्यावर झोपलेला आढळला.

दोन्ही नोटिसा त्याने फ्रांगुलिस यांच्या टेबलावर ठेवल्या. “साहेब, यातला कुठला गुन्हा करू ते एकदा ठरवून टाका.”

“यात विसंगती मुळीच नाही, बार्बा. तुम्ही जागं राहून झोपायचं. आणि तुमच्या हक्काची विश्रांती कुठे जात नाही. संध्याकाळी सात ते नऊ.”

“सातला माझ्या दारासमोर बँडचा सराव असतो!”

“तो सांस्कृतिक विभाग. त्यांच्याकडे अर्ज करा.”

महिनाभरात लिनार्दोसची रया गेली. तो सोंगट्यांच्या डावात हरू लागला, मांजरावर खेकसू लागला. एकदा तर तळलेला मासा ताटात बघून त्याला रडूच कोसळले, कारण मासा डोळे उघडे ठेवून शांत पडला होता आणि त्याला कोणी नोटीस देत नव्हते. त्याला पगार नको होता, मान नको होता. त्याला फक्त आपली दुपार परत हवी होती.

अखेर एका गुरुवारी, रांग लागायच्या आत, तो उशी बगलेत मारून परसदाराने निघाला तो थेट धक्क्यावर गेला. जहाजाच्या शिडीपाशी पहारेकरी पेंगत होता.

“कुठे निघालात, बार्बा?”

“झोपायला.”

पहारेकरी शिडीवरून बाजूला सरकला. “नशीबवान आहात. जा. वर चिटपाखरू नाही, सगळे तुम्हाला बघायला गावात गेलेत. फक्त चपला हातात घ्या, आचारी झोपलेत.”

वरच्या मजल्यावर आरामखुर्च्यांची ओळच्या ओळ रिकामी होती. वारा मंद होता. लिनार्दोस एका खुर्चीत डाव्या कुशीला वळला आणि जो झोपला, तो भोंगा वाजेपर्यंत.

इकडे खिडकीत पलंग रिकामा. रोज एक नवे गाव पाहून पार पिचलेला एक लठ्ठ प्रवासी चौथा चमचा मुरंबा खाऊन जरा टेकायला म्हणून पलंगावर बसला, आडवा झाला आणि गेलाच. अनेझोने त्याचे बूट काढले, अंगावर चादर घातली. पाहुण्याची झोप मोडणे हे मुरंबा न देण्याहून मोठे पाप. महिन्याभरात पहिल्यांदाच ती गप्प झाली आणि तोंडावर बोट ठेवून तिने अख्ख्या रांगेला गप्प केले. रांगेने चवड्यांवर उभे राहून फोटो काढले.

फ्रांगुलिस यांचे डोळे भरून आले. “अशी अस्सल स्थानिक झोप मी पाहिलेली नाही,” ते म्हणाले, आणि अस्सलपणा कमी पडल्याच्या कारणावरून त्यांनी लिनार्दोसला त्याच दिवशी बडतर्फ केले. बडतर्फीचे पत्र घेऊन आलेल्या आर्गिरोच्या दोन्ही गालांचे लिनार्दोसने मुके घेतले. आता दर गुरुवारी गावकरी उशा घेऊन जहाजावर चढतात आणि प्रवासी गावातल्या खिडक्यांत घोरतात. तक्रार एकही नाही.

त्या लठ्ठ गृहस्थाचा फोटो जगभर फिरला. ‘याला म्हणतात जगणं! नाहीतर आपण!’ असे त्याखाली हजारोंनी लिहिले. तुम्हीही लिहिलेत, मीटिंगमध्ये, टेबलाखाली मोबाइल धरून, जांभई दाबत. आणि लगेच त्याच जहाजाचे तिकीट काढलेत. अवश्य या. पलंग तयार आहे, चादर अनेझो घालील. तुमचा डोळा लागला की बाहेरची रांग फोन उंचावेल आणि हळहळत म्हणेल, “बघा, इथले लोक किती सुखी!”