भुईचाफ्यावर दोन छत्र्या

आमच्या शेजारचे तात्या मोहिते मोकळ्या मातीवर पहारा करायचे.

मी लग्न होऊन साताऱ्याहून बडोद्याला आले तेव्हा मार्गशीर्ष चालू होता. दोन घरांना मिळून एकच परसदार, त्यात एक जुना कडुनिंब. दुसऱ्याच दिवशी धुणं वाळत घालायला मी निंबाखालून निघाले आणि कानाशी तोफ उडाली.

"हळू! झोपलीत ती!"

मी खाली पाहिलं. विटांनी आखलेली, स्वच्छ झाडलेली, पण नुसती माती.

"कोण झोपलंय?" मी विचारलं.

"हो हो, आठला येतं," तात्या म्हणाले. "नळाचं पाणी ना?"

तात्या सहा फुटी, बडोदा संस्थानच्या तोफखान्यातले निवृत्त गोलंदाज. महाराज विलायतेला निघाले की तोफा, परत आले की तोफा, आणि महाराजांच्या विलायतेच्या वाऱ्या काही थोड्याथोडक्या नव्हत्या. "दोन्ही कान सरकारला नजर केलेत," ते छाती काढून सांगत. स्वतःला ऐकू येत नसल्यामुळे त्यांचं कुजबुजणंसुद्धा रावपुऱ्याच्या नाक्यापर्यंत पोचायचं.

त्या मातीत भुईचाफ्याचे कंद होते. थंडीत हे झाड जमिनीखाली गडप होतं आणि उन्हाळा लागला की पानाआधी फूलच मातीतून डोकं काढतं. कडेनं गुलाबी फुलांची आंबुटी, पलीकडे ब्राह्मी. सगळं सावलीतलं, सगळं बुटकं. वीतभराच्या वर गेलेलं झाड तात्यांना खपत नसे. माझी गुलबक्षी कमरेला लागली तर म्हणाले, "सूनबाई, हे फुलझाड नव्हे, हा हत्ती आहे."

एवढीशी फुलं बघायची म्हणजे तात्यांना पालथं पडावं लागे. एकदा भाजीवाल्या रेवाबेननी त्यांना तसं पडलेलं पाहिलं आणि काका मेलेच असं समजून टोपली टाकून "काका गुजरी गया!" म्हणत गल्ली गोळा केली. माणसं धावत आली. तात्यांनी मान वर केली आणि सगळ्यांना दटावलं, "पायाखाली बघा!"

तात्यांच्या बायको मैनाकाकू त्यांच्या छातीपर्यंतही पोचत नसत, पण दिवसभर त्यांच्या तोंडाचा पट्टा चालू. तात्यांचं सगळ्याला एकच उत्तर.

"चहा ठेवू का?"

"हो हो."

"की नको?"

"हो हो."

"घराला आग लागलीय!"

"हो हो."

काकू माझ्याकडे बघून कपाळाला हात लावायच्या.

चैत्रात पहिली कळी दिसली आणि त्याच आठवड्यात वावटळ आली. निंबाची मोठी फांदी कडाडून पडली. मातीचा तुकडा वाचला, पण सावली गेली. सकाळी दहापासून ऊन थेट कळ्यांवर.

तात्यांनी दोन छत्र्या आणल्या आणि दोन हातांत धरून मातीच्या कडेला बसले. छत्र्या फुलांवर, टक्कल उन्हात. काकू दारातून ओरडत होत्या, "अहो, डोकं तापेल! एक तरी स्वतःवर धरा!"

"हो हो," तात्या म्हणाले, हलले मात्र नाहीत.

चौथ्या दिवशी मला राहवेना. मी जाऊन एक छत्री हातात घेतली आणि बाजूला बसले. तीन फुलं उमलली होती, पांढरी, मध्ये जांभळी, थेट मातीवर ठेवल्यासारखी. मग तात्या म्हणाले, "सूनबाई, माणसं ओठ हलवतात. मी हो म्हणतो. किती वेळा 'काय, काय' करायचं? लोक कंटाळतात. ही बोलतच नाहीत, त्यामुळे यांचं काही ऐकायचं राहिलंय असं वाटत नाही."

त्या दुपारी मी हे काकूंना सांगितलं. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांचं तोंड बंद झालेलं मी पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्या माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या.

"तुला लिहिता येतं ना? मला शिकव."

मी पाटीवर 'अ' काढला.

"तो नको. या वयात सगळं कुठे शिकत बसू? मी सांगते तेवढंच शिकव."

आठ दिवस लागले. 'न्हा' काही जमेना. "जोडाक्षर मेलं नकोच," म्हणत त्यांनी ते मोडीत काढलं.

नवव्या दिवशी पदराखाली पाटी घेऊन काकू परसात गेल्या आणि तात्यांच्या मांडीवर ठेवली. तात्यांनी छत्र्या खाली ठेवल्या. एकेक अक्षर लावत, गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी वाचलं, "उनात... बसू... नका."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू लिहिलंस?"

मी काकूंकडे बोट दाखवलं.

तात्या काकूंकडे बघत राहिले. मग विचारलं, आणि इतका हलका त्यांचा आवाज मी कधीच ऐकला नव्हता, "आणखी काय काय म्हणत होतीस गं, इतकी वर्षं?"

काकूंनी घाईनं पेन्सिल उचलली. पाटीवर टेकवली. मग माझ्याकडे पाहिलं. त्यांना तेवढीच अक्षरं येत होती.

मी जवळ बसले आणि पाटीच्या कोपऱ्यात पुन्हा 'अ' काढून दिला.