ताईचा फोटो, पुढच्या सेन्सरवर

डिजिटल कॅमेरा ही नाशवंत वस्तू आहे. पालेभाजी निदान संध्याकाळपर्यंत तग धरते. कॅमेरा खोक्यातून बाहेर आल्या आल्या सुकायला लागतो. यात त्याचा काही दोष नाही. फोटो तो पूर्वीइतकाच चांगला काढतो. पण त्याच्या पोटातला सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारा तो छोटासा तुकडा, दरवर्षी कुठेतरी आणखी सुधारतो आणि आपल्या कपाटातला कॅमेरा बसल्या जागी अडाणी ठरतो.

या विषयातले आमच्या घरचे अधिकारी पुरुष म्हणजे माझे भाऊजी. त्यांची कार्यपद्धती आदर्श आहे. नवा कॅमेरा आला की आधी त्याची चाचणी. चाचणीसाठी समोरच्या इमारतीची विटांची भिंत मुक्रर केलेली आहे (भिंत हलत नाही, डोळे मिटत नाही आणि ‘बघू, कसा आलाय?’ असं विचारत नाही). चाचणी पुरी होते न होते तोच नव्या सेन्सरची घोषणा होते. मग चालू कॅमेरा दुकानदाराकडे रवाना. मागच्या खेपेला दुकानदाराने तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "बॅग छान आहे हो. बॅगेचे पैसे देतो. कॅमेरा काय, राहू दे आत."

या सगळ्या व्यवस्थेत एकच अर्ज प्रलंबित होता. माझ्या ताईला स्वतःचा एक चांगला फोटो हवा होता. लग्न झाल्यापासून.

"अहो, केस काळे आहेत तोवर काढा की!"

"या सेन्सरवर? नुसते ठिपके येतील गं," भाऊजी कळवळून म्हणायचे. "पुढचं मॉडेल येऊ दे. तुला शोभेल असं."

बायकोचा इतका मान ठेवणारा नवरा मी दुसरा पाहिलेला नाही. आजमितीस घरातल्या फोटोंची वर्गवारी अशी: भिंत शहाण्णव टक्के, भिंतीवरचं कबुतर तीन टक्के, आणि उरलेल्या एका टक्क्यात रंग तपासण्याचा तक्ता, जो धरून ताई उभी आहे. तिचा अंगठा आलाय. (अप्रतिम आलाय.)

गेल्या महिन्यात अखेर असा सेन्सर आला, की भाऊजींनाही त्यात खोट काढता येईना. त्यांनी ताईला खिडकीशी बसवलं. ठेवणीतले कपडे घालून, दोनदा केस विंचरून ती बसली. फोटो निघाला. भाऊजींनी सवयीने तो भिंतीसारखा मोठा करून कोपरान्‌कोपरा तपासला, आणि त्यांचा चेहरा पडला.

"अगं, तू अशी कधी झालीस?"

"तुम्ही विटा बघत होतात तेव्हा," ताई म्हणाली आणि कपडे बदलायला आत गेली.

मला फार वाईट वाटलं. भाऊजींनाही वाटलं असावं. फोटो ठेवावा की पुसावा, हे त्यांना ठरवता येईना. (भिंतीच्या बाबतीत हा प्रश्न कधी उद्भवला नव्हता.)

तुम्ही हसलात ना भाऊजींना? हसा. आता एक छोटीशी तोंडी परीक्षा. तुमच्या फोनचा कॅमेरा किती मेगापिक्सेलचा? शाब्बास, तोंडपाठ आहे! आता सांगा, घरात आत्ता पलीकडच्या खोलीत जे माणूस आहे, त्याच्या चष्म्याची फ्रेम कुठल्या रंगाची आहे? उठून बघायला जायचं नाही. ती कॉपी धरली जाईल.