संग्रामचं डोकं, शनिवारी सकाळी नऊ

अहिल्याने स्वतःचं कॅलेंडर मराठीत लिहायला घेतलं, ते नवऱ्याच्या, संग्रामच्या सांगण्यावरून.

"तुझ्या डोक्यात जे काही चाललेलं असतं ना, ते सगळं एका ठिकाणी लिहून काढ," तो म्हणाला. "रंग दे, ब्लॉक टाक. आमच्या लॅबमध्ये पेशीसुद्धा शेड्यूलप्रमाणे वाढतात."

"त्या पेशींना मुलगी नाहीये," अहिल्या म्हणाली. पण लिहायला बसली.

बॉथेलच्या त्यांच्या टाउनहाउसमध्ये वरच्या बेडरूमच्या क्लॉझेटात, संग्रामच्या लोंबत्या जाकिटांखाली, एक लहानसं टेबल होतं. तिथून अहिल्या एका कम्युनिटी कॉलेजचे स्टॅटिस्टिक्सचे चार वर्ग ऑनलाइन शिकवत असे. कॉलेजला वाटे, ही सदैव कामावर आहे. घराला वाटे, ही सदैव घरी आहे. दोघांचंही म्हणणं खरं होतं, आणि तेच तिचं दुखणं होतं. विद्यार्थ्यांची ईमेलं पहाटे यायची, कुकर चालू असताना यायची, राधिकाला पोहायला सोडताना सिग्नलला यायची, आणि उत्तर दिलं की दहाव्या मिनिटाला 'थँक यू, अजून एक डाउट' असं यायचं.

तर तिने सगळं लिहून काढलं. मराठीत अशासाठी, की वर्गात स्क्रीन दाखवताना चुकून कॅलेंडर उघडलं तरी कोणाला कळू नये. आणि कोणाला कळणारच नाही म्हटल्यावर तिचा हात सुटला. 'शनिवार ९ : संग्रामचं डोकं खाणे (पन्हळ साफ)'. 'मंगळवार ६ : राधिकाचे कान उपटणे (पियानो)'. 'रविवार : संग्रामच्या आईंचा फोन'. 'बुधवार : डीनच्या मागे लागणे (उन्हाळी वर्ग)'. आणि गुरुवारी, लाल रंगात, 'मिडटर्म : पोरांची बिनपाण्याने हजामत'.

लिहून झाल्यावर तिला खरंच बरं वाटलं.

सोमवारी सकाळी चौदा विद्यार्थ्यांनी एकच प्रश्न विचारला : तुम्ही ऑफिस अवर्सला कधी भेटता? चौदा उत्तरं लिहिण्यापेक्षा कॅलेंडरमधला तेवढा भाग शेअर करावा, म्हणून तिने शेअरचं बटण दाबलं. त्याच क्षणी खालून राधिका ओरडली, "मॉम, व्हेअर इज माय अदर शू?"

"सोफ्याखाली बघ!" अहिल्या ओरडली आणि समोर जी पहिली चौकट दिसली तिच्यावर टिचकी मारली. ती 'सर्व काही'ची चौकट होती. चारही वर्गांतल्या एकशे बावन्न विद्यार्थ्यांना अहिल्याचं सगळं आयुष्य रंगांसकट पोहोचलं.

दुपारपर्यंत काहीच झालं नाही. दुपारी टायलर नावाच्या एका मदततत्पर मुलाने ते फोनवर भाषांतरात टाकलं आणि वर्गाच्या चर्चापानावर चिकटवलं. यंत्राला संग्राम हे नाव असतं हे ठाऊक नव्हतं. शनिवारी नऊ वाजता प्रोफेसर युद्धाचं मस्तक भक्षण करणार होत्या. मंगळवारी एका मुलीचे कान मुळापासून उपटणार होत्या. रविवारी त्यांना युद्धमातेचा फोन येणार होता. बुधवारी त्या डीनचा पाठलाग करणार होत्या. आणि गुरुवारी सर्व मुलांची, पाणी न वापरता, दाढी होणार होती.

अहिल्याला पहिली ईमेल आली ती अशी : 'प्रोफेसर, धार्मिक कारणामुळे मला केस कापता येत नाहीत. मिडटर्मला काही पर्याय मिळेल का?'

तिने ती तीनदा वाचली. मग चर्चापान उघडलं, आणि जाकिटांमध्ये डोकं खुपसून काही वेळ तशीच बसली. बाहेर येऊन तिने सगळ्यांना लांबलचक खुलासा लिहिला : या मराठीतल्या म्हणायच्या पद्धती आहेत, कोणालाही काहीही होणार नाही. पण तोवर सहा जणांनी वर्ग सोडला होता, आणि कोणीतरी काळजीपोटी कॉलेजच्या केअर टीमला कळवलं होतं. केअर टीमने नियमाप्रमाणे तिच्या फॉर्मवरच्या आपत्कालीन नंबरवर फोन लावला. तो नंबर संग्रामचा होता.

"सर, तुम्ही एकटे आहात का? मोकळेपणाने बोलू शकता?"

"हो, बोला ना," संग्राम लॅबमधून म्हणाला.

"शनिवारी सकाळी नऊच्या सुमारास तुम्हाला घरी सुरक्षित वाटतं का?"

संग्रामने प्रामाणिकपणे विचार केला. "खरं सांगू का, नाही वाटत. मी त्या वेळेला शक्यतो बाहेरच जातो."

पलीकडे काहीतरी भराभर टाइप झालं.

"तू असं कसं सांगितलंस?" संध्याकाळी अहिल्या म्हणाली.

"मला वाटलं सर्व्हे आहे, यार!"

डीन मार्गारेट यांनी मंगळवारी दोन वाजता ऑनलाइन मीटिंग ठेवली. पुढच्या क्वार्टरच्या, म्हणजे पुढच्या सत्राच्या, कॉन्ट्रॅक्टवर अजून सही व्हायची होती, हे त्यांनी लिहिलं नव्हतं. लिहायची गरज नव्हती. फक्त एवढंच लिहिलं होतं की भाषा जाणणारा कोणी त्रयस्थ मिळाला तर बरं. अहिल्याने चर्चापानावर तसं विचारलं, तेव्हा तिच्याच एका वर्गातल्या विद्यार्थ्याने आपणहून नाव दिलं.

ते होते भानुदासकाका. वय सहासष्ट. नागपूरला एसटीच्या डेपोत अठ्ठावीस वर्षं ड्रायव्हर-कंडक्टरांचे ड्युटी चार्ट बनवले, आता मुलाकडे बॉथेलला. 'जन्मभर आकडे भरले, आता त्यांचा अर्थ काय ते शिकायचं आहे,' असं त्यांनी वर्गात ओळख करून देताना सांगितलं होतं. वर्गात कॅमेरा सतत चालू ठेवणारे ते एकटेच.

"जय भीम मॅडम," मीटिंग सुरू व्हायच्या आधी ते म्हणाले. "टेन्शन नका घेऊ. मी आहो ना."

"काका, तुम्हाला उगाच त्रास."

"त्रास कायचा? घरी बसून टीव्ही पाहून राहिलो होतो."

डीन आल्या. त्यांनी कॅलेंडर पडद्यावर लावलं आणि हलक्या आवाजात विचारलं, "मिस्टर भानुदास, हे मस्तक खाणं काय आहे?"

काकांनी चष्मा सारखा केला आणि एकेक शब्द जोडत इंग्रजीत सांगितलं, "मॅडम, नवऱ्याला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारणे. प्रेमाने."

"आणि कान उपटणं?"

"तेच. मुलीला. तेही प्रेमाने."

"बिनपाण्याची दाढी?"

"अवघड पेपर. माझाच आहे तो, मी पण त्याच वर्गात आहे. मला भीती वाटते, पण वस्तऱ्याची नाही."

डीन हसल्या. अहिल्याच्या खांद्यांवरून काहीतरी उतरलं. पण काका हसले नाहीत. ते पडद्यावरच्या रंगीत चौकटी बोटाने मोजत होते.

"एक बोलू का? मी भाषेसाठी आलो, पण माझा धंदा चार्टचा," ते म्हणाले. "पहिली ड्युटी पहाटे साडेपाचला, शेवटची रात्री अकराला. सातही दिवस. मधात विश्रांतीची चौकट नाही. अशी ड्युटी मी ड्रायव्हरला लावली असती, तर त्याने गाडी झाडावर घातली असती, आणि चौकशी माझी झाली असती, त्याची नाही."

मग अहिल्याकडे वळून मराठीत म्हणाले, "मॅडम, काहून असं? तुम्ही नोकरी करून राहिल्या, का शिक्षा भोगून राहिल्या?"

अहिल्याने पडद्यावरच्या चौकटी स्वतःच मोजायला घेतल्या.

"एक राहिलंच," डीन जरा संकोचून म्हणाल्या. "हे जांभळं. रोज पावणेपाच ते पाच. भाषांतरात येतं, 'गाडीत मोकळं होणे'. केअर टीमला याचीच सर्वांत जास्त काळजी वाटली. म्हणजे... घरात बाथरूम आहे ना?"

अहिल्याने मान खाली घातली. शेवटचा वर्ग साडेचारला संपे आणि राधिकाला आणायला पाचला निघावं लागे. मधल्या वेळात ती गॅरेजमध्ये जाई, बंद गाडीत बसे आणि रडे. विशेष कारण नसे. पंधरा मिनिटांत ते आटपे, आरशात बघून ती डोळे पुसे आणि गाडी सुरू करी. घरात हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

भानुदासकाकांनी जांभळी चौकट वाचली. पडद्यावरच्या अहिल्याकडे पाहिलं. अठ्ठावीस वर्षं डेपोत माणसं पाहिलेला माणूस. त्याला मोकळं होण्याचा अर्थ सांगायला लागत नव्हता.

"चहा," ते म्हणाले.

"चहा?"

"गाडीत बसून. एकटीने. आमच्याकडे त्याला मोकळं होणं म्हणतात."

"किती सुंदर!" डीन म्हणाल्या, आणि त्यांनी ते लिहून घेतलं.

कॉन्ट्रॅक्टवर बुधवारी सही झाली. सहापैकी पाच विद्यार्थी परत आले. काकांनी रेघांच्या कागदावर नवीन ड्युटी चार्ट आखून त्याचा फोटो पाठवला; त्यात संध्याकाळी सहानंतर ईमेल बंद होती आणि रविवारी लाल पेनाने 'साप्ताहिक सुट्टी' होती. शनिवारी पावणेनऊलाच संग्राम शिडी लावून पन्हळीतला पाचोळा काढत होता. खाली उतरून हात पुसत तो म्हणाला, "तू रोज गाडीत चहा पितेस म्हणे. केअर टीमने फोन करून सांगितलं."

"हं."

"पण मला गाडीत कधी कप दिसला नाही."

अहिल्याने पाचोळ्याची पिशवी बांधायला घेतली. शिडी मिटत तो म्हणाला, "सोमवार ते शुक्रवार राधिकाला मी आणतो. लॅबला सांगितलंय." पेशींचं काय ठरलं, ते तिने विचारलं नाही.

आता पावणेपाचची वेळ खरंच रिकामी झाली, असं तिला वाटलं. पण सोमवारी डीनची सगळ्या विभागाला ईमेल आली : 'रोज पावणेपाच ते पाच, गाडीतला चहा. अजेंडा नाही. कल्पना : प्रोफेसर अहिल्या.' येणं ऐच्छिक होतं; पण डीन स्वतः येणार होत्या, त्यामुळे अकरा जण आले.

अहिल्या पहिल्यांदाच कप घेऊन गॅरेजमध्ये गेली. फोन स्टिअरिंगला टेकवला. पडद्यावर अकरा गाड्या, अकरा कप. रडायची सोयच उरली नव्हती. कोपऱ्यात भानुदासकाकाही होते. खास पाहुणे म्हणून डीननी त्यांना बोलावलं होतं.

"मुलाची गाडी आहे," ते सर्वांना म्हणाले. "मला चालवता येत नाही. बसता येते."

पहिल्या दिवशी लोक हवापाण्याचं बोलले. तिसऱ्या दिवशी पेपर तपासण्याचं बोलले. शुक्रवारी कोणीच फारसं बोललं नाही. नुसते घोट घेत बसले. डीनची गाडी कॉलेजच्या पार्किंगमध्ये उभी होती, त्यांचा कप भरलेलाच होता, आणि त्या बराच वेळ समोरच्या काचेकडे बघत होत्या.

"अहिल्या," त्या म्हणाल्या, "एक विचारायचं होतं. या चहात... कोणी थोडं रडलं, तर चालतं का?"

भानुदासकाकांनी आपल्या कपात पाहिलं.

"चालतं," अहिल्या म्हणाली. "मूळ मराठीत ते त्यातच येतं."