मधला 'व'

राजेंद्र कळंबे महाडच्या कारखान्यातून निवृत्त झाले आणि हातात आलेला फंड कुठे ठेवायचा याचा अभ्यास त्यांनी महाड-पोलादपुरातल्या एकूण एक बँकेत जाऊन केला. शेवटी पाच वर्षांची मुदत ठेव केली. आपण कुणाला फसवलं नाही आणि कुणी आपल्याला फसवू शकलं नाही, हा त्यांचा अभिमान होता. ठेवीची पावती देवाच्या फोटोमागे गेली तेव्हा तो आणखी वाढला.

उमरठच्या वरच्या वाडीत रेंज मिळते ती फक्त पाण्याच्या टाकीपाशी. तिथे पुतण्याचा, अक्षयचा, मुंबईहून फोन आला. भाड्याची टॅक्सी सोडून त्याला स्वतःची घ्यायची होती. निम्मे पैसे त्याने जमवले होते, उरलेले काकांनी उसने द्यावेत असं म्हणणं होतं.

"पैसे अडकवलेत रे," काका ओरडले. "पाच वर्षं निघायचे नाय."

ठेव मुदतीआधी मोडता येते, हे त्यांनी सांगितलं नाही. आणि 'अडकवलेत'मधला 'व' रेंजने खाल्ला. मुंबईत पोचलं ते 'अडकलेत'.

"कुठं अडकले?" अक्षयने विचारलं, पण फोन तुटला होता.

संध्याकाळी वाडीच्या मुंबई मंडळाच्या ग्रुपवर बातमी होती: राजेंद्रकाकांचा फंड बुडाला. तिथून ती उलट वाडीत आली आणि काकांचं एक घर सोडून सगळ्या घरांत गेली.

दुसऱ्या दिवशी पोलादपूर स्टँडवर चहावाल्याने पैसे घेतले नाहीत. "राहू द्या काका, तुमच्याकडनं काय घ्यायचं?" मिनीडोर रिक्षावाल्याने पुढची सीट देऊन भाडं नाकारलं. वाणी तांदूळ तोलत म्हणाला, "सावकाश द्या. पळून चाललाय का तुम्ही?" शेजारची आवडी भाकऱ्या ठेवून डोळे पुसत गेली.

"बघ गो," राजेंद्र बायकोला म्हणाले, "इमानानं नोकरी केली की असा मान मिळतो."

"मानाचं कळलं," वैशाली म्हणाली. "पण आवडी का रडत होती?"

"मान बघून भरून येतं माणसाला."

रविवारी मंडळाचे अध्यक्ष रामाभाऊ अक्षयला घेऊन आले. त्यांनी जाड पाकीट पुढे केलं. "राजाभाऊ, नाय म्हणायचं नाय. कुणी फसवलं ते पण आमी विचारणार नाय."

"फसवलं? मला?" पावती फोटोमागून बाहेर आली आणि सगळ्यांच्या हातांतून फिरली. "अडकवलेत म्हटलं मी. वाचा. शिक्का बघा."

रामाभाऊंनी शिक्का बघितला आणि सुस्कारा सोडला. "मग ज्याचे त्याला परत देऊ. पहिले अक्षयचे. टॅक्सीसाठी जमवलेले सगळे घातलेत यानं."

अक्षय जमिनीकडे बघत होता. "तुमी अडचणीत होता ना, काका. टॅक्सी काय, पुढल्या साली."

राजेंद्रांनी पावती परत हातात घेतली.

"द्या, ठेवते फोटोमागं," वैशालीने हात पुढे केला.

"राहू दे," ते म्हणाले आणि पावती खिशात घातली.

सोमवारी वाटेत त्यांनी चहावाल्याला मागच्या चहाचे पैसे दिले आणि बँक गाठली. खिडकीतल्या बाई पावती बघून चक्रावल्या. "काका, परवाच तर ठेवलेत. आता मोडलीत तर व्याज कापलं जाईल. पैसे कुठे अडकलेत का?"

"पैसे नाय," राजेंद्र रांगेतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "आमचा पुतण्या टॅक्सीचा मालक होतोय. त्याच्यात मीच अडकलोय. मधे 'व' नाय, नीट ऐका."