आवडतं, की आवडवून राहिले?

आमच्या फुलचूरच्या बिसेन मॅडम विनोदावर लगेच हसत नाहीत. आधी विचारतात, "हे तुम्हाला आवडतं, की आवडवून राहिले?"

मॅडम कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवत. नाझींपासून जीव वाचवून परदेशी गेलेले काही जर्मन विचारवंत हे त्यांचं खरं गणगोत. तिथला सिनेमा, रेडिओ पाहून ती मंडळी सांगू लागली की आता करमणूकही कारखान्यात तयार होते आणि माणसाला विचार करू देत नाही. मॅडम हे आम्हाला राइस मिलवरून समजावतात. "पॉलिश केलेला आनंद पोत्यात भरून देतात. सत्त्व गेलं कोंड्यात. अन् तुम्ही खाऊन राहिले."

शेजारच्या कटरेकाकू एकदा मालिका पाहत डोळे पुसत होत्या. मॅडमनी विचारलं, "रडून राहिल्या, की रडवून राहिले?"

"आधी रडून घेऊ द्या मॅडम," काकू म्हणाल्या, "मग सांगतो."

हळूहळू लोक त्यांना बारशा-वाढदिवसाला बोलवेनासे झाले. त्यांना त्याचं काही वाटत नसावं, अशी माझी समजूत होती.

दिवाळीनंतर माझ्या माहेरी, अर्जुनी मोरगावजवळ, मंडईची जत्रा भरते. दुपारी दंडार असते, म्हणजे आमच्याकडचं नाचगाण्याचं लोकनाट्य. यंदा मॅडमना सोबत नेलं. मंचावर सिनेमाचं गाणं लागलं तशा त्या म्हणाल्या, "मिल इथंही पोचली." आणि हाताची घडी घालून बसल्या.

थोड्या वेळानं वीज गेली. माइक बंद पडला. तेव्हा मंचावर बायकोला भिणाऱ्या पाटलाचं काम करणारा एक म्हातारा नट होता. त्याचा घसा बसलेला. मागून आवाज आला, "काऊन पुटपुटून राहिला बे?" लोक उठू लागले. म्हातारा बोलता बोलता थांबला.

मॅडम उभ्या राहिल्या, गर्दीकडं वळल्या. "बसा सगळे." लोक बसले. मग नटाला म्हणाल्या, "बोला तुम्ही."

तो एक वाक्य बोले, मॅडम ते शेवटच्या माणसापर्यंत पोचवत. एकही शब्द गाळला नाही, शिव्यासुद्धा नाही. लोक पोट धरून हसले. मॅडम हसल्या नाहीत. हशा ओसरेपर्यंत थांबत, मग पुढचं वाक्य.

परतताना एसटीत त्यांचा आवाज पार बसला होता. तरी त्यांनी विचारलं, "उद्या कुठं असते दंडार?"

"पलीकडच्या गावी. पण तिथं माझं कोणी नाही, मॅडम."

"माझं इथं तरी कोण होतं?" त्या म्हणाल्या.