पालकसभेच्या अक्षता

आमच्या शाळेच्या पालकसभेचं आमंत्रण अक्षता देऊन केलं जातं. हे सांगितलं की लोकांना वाटतं मी थट्टा करतेय. पण घाटकोपरच्या डोंगरउतारावरच्या आमच्या महापालिकेच्या शाळेत दोन वर्षं हे असंच चाललंय. आणि तसं करा म्हणून परबकाकांना कुणीही सांगितलेलं नाही.

परबकाका म्हणजे तेव्हा माझ्या चौथीच्या वर्गात असलेल्या स्वराचे आजोबा. उंच, काटकुळे, कायम इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. जुहूच्या एका हॉटेलात त्यांनी उभी हयात लिफ्ट चालवली. रिटायर झाले तरी लिफ्ट काही त्यांच्यातून उतरली नाही. नातीचं प्रगतिपुस्तक हातात घेतलं की ते उघडायच्या आधी मला त्यांच्या मालवणीत विचारणार, "बाई, आमचा चेडू वर की खाली?" मी म्हटलं, मराठीत वर, गणितात जरा खाली, की ते हवेतच एक बटण दाबणार आणि समाधानाने मान हलवणार. गणित दुसऱ्या दिवसापासून वर यायला लागेल, अशी त्यांची खात्री असायची.

त्यांच्या आधी पालकसभेचा निरोप व्हॉट्सॲपवर जायचा. चाळीस मुलांचा वर्ग. अंगठे पटापट यायचे, पालक मात्र तीन. त्यातलाही एकजण बोनाफाईड सर्टिफिकेट न्यायला आलेला असायचा. पालकांना दोष तरी काय देणार? कुणी घरकामाला जाणारी, कुणी रिक्षा चालवणारा. शाळेत बोलावलं म्हणजे पोराने काहीतरी उद्योग केलाय आणि आता बोलणी खायची आहेत, असंच प्रत्येकाला वाटायचं.

अशाच एका ओस सभेनंतर काका माझ्यापाशी आले. म्हणाले, "मोबायलार बोलावल्यार लग्नाक तरी कोण येता काय, बाई?"

पुढच्या सभेच्या आदल्या आठवड्यात ते वाटीत कुंकवात कालवलेले तांदूळ घेऊन वस्तीत फिरले. दार वाजवायचं, दोन दाणे हातावर ठेवायचे आणि म्हणायचं, आमच्याकडे कार्य आहे, सहकुटुंब यायचं. माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या आईने विचारलं, कुणाचं लग्न? काका म्हणाले, "लगीन नाय गो. तुझ्या झिलाची चौथी."

अक्षता हातात घेतल्यावर जायला हवंच, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. त्या सभेला एकतीस घरं आली. एक कुटुंब जेवण असेल म्हणून पाच माणसं घेऊन आलं. एका आजीने नारळ आणि ब्लाउजपीस आणला आणि मुख्याध्यापिकांची ओटी भरली. मोठ्या बाईंना काय करावं कळेना. शेवटी त्या वाकून आजींच्या पाया पडल्या आणि सभा सुरू झाली.

काकांचा दुसरा हट्ट बसण्याचा. सभेला आलेल्या माणसाने आपल्या मुलाच्याच जागेवर बसायचं. पहिल्यांदा मी नको म्हटलं होतं, बाक लहान आहेत, खुर्च्या मागवते. काकांनी ऐकलं नाही. ते अर्धा तास आधी यायचे, स्वराच्या बाकावर गुडघे हनुवटीला टेकवून बसायचे आणि डोळे अर्धवट मिटून फळ्याकडे बघत राहायचे. काय करताय विचारलं तर म्हणायचे, "हयसून काय दिसता ता बघतंय."

शनिवारची दुपार असायची. पंखा सावकाश फिरत असायचा. खिडकीतून तिरकं ऊन यायचं आणि त्यात खडूची धूळ तरंगत राहायची. बाकांवर मोठी माणसं अंग चोरून बसलेली. कुणी बाकावर कोरलेलं पोराचं नाव बोटाने चाचपतंय, कुणी कप्प्यात हात घालून बघतंय. मला दर वेळी वाटायचं, माझी मुलं मधल्या सुट्टीत झोपी गेली आणि जागी झाली ती अशी मोठी होऊन. केस पिकलेली, हातांना घट्टे पडलेली. माझाही आवाज आपोआप हळू व्हायचा.

निशाचे वडील मात्र कधीच आले नव्हते. निशा खिडकीपाशी बसायची. हुशार मुलगी, पण सारखी बाहेर बघत राहायची. फळ्यावरचं अर्धंच उतरवून घ्यायची. मी तिला किती वेळा ओरडले असेन. खिडकीत काय ठेवलंय गं, म्हणून वर्गासमोर उभंही केलं होतं. ती नुसती रडली होती. आई गावी आजारी सासूपाशी, वडील रंगकामाला. बोलायचं कुणाशी?

काका त्यांच्या दारात लागोपाठ तीन सकाळी गेले. दोन दिवस निशाच्या वडिलांनी, कामाचा खाडा होतो, जमणार नाही, म्हणून सांगितलं. तिसऱ्या दिवशी काकांनी नुसती वाटी पुढे केली. वडिलांनी संकोचून दोन दाणे उचलले.

शनिवारी ते आले. पस्तिशीचा माणूस, नखांत पांढरा रंग. निशाच्या जागेवर बसले. मी फळ्यापाशी उभी राहून सहामाहीबद्दल बोलत होते. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की तेही बाहेर बघताहेत. लेकीसारखेच, मान जराशी वर करून. मी बोलायची थांबले. वर्गही थांबला.

"बाई," ते म्हणाले, "इथून मी दिसतो."

समोर नवा टॉवर उभा राहत होता. त्याच्या बाहेरच्या भिंतीवर, विसाव्या-बाविसाव्या मजल्याशी, दोरांना बांधलेल्या फळ्या लटकत होत्या. त्यातल्या एकीवर ते चार महिने काम करत होते. निशाला त्यांनी सांगितलं होतं, मी खाली उभा राहून रंग कालवतो.

मी त्या मुलीला वर्गासमोर उभं केलं होतं ते मला आठवलं. सभा संपल्यावर मी त्यांना एवढंच सांगितलं की चूक माझी झाली. ते म्हणाले, माझीपण झाली.

त्या दोघांचं घरी काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. पण सोमवारपासून मधल्या सुट्टीच्या सुमारास ते खाली उतरून शाळेच्या कुंपणाशी येऊ लागले आणि हात वर करून दाखवू लागले. निशाही हात वर करायची. टॉवर पुरा होईपर्यंत हे चाललं. तिचं बाहेर बघणं काही थांबलं नाही, मीही त्यावर कधी बोलले नाही. पण फळ्यावरचं सगळं वहीत यायला लागलं.

त्याच सभेच्या दिवशी, सगळे पांगल्यावर, काका वर्गाच्या खिडक्या लावत होते. मी सहज विचारलं, काका, एवढी पायपीट कशासाठी करता?

त्यांनी शेवटची कडी लावली आणि तिथेच टेकले. सांगू लागले. त्यांचे वडील गिरणीत होते. काका असेच चौथीत, लालबागच्या शाळेत. एकदा वडील पाळी संपवून परस्पर शाळेत आले. केसांत, भुवयांत कापसाचे तंतू, बनियनला तेलाचे डाग. वर्ग हसला. गुरुजींनी विचारलं, हे कोण रे तुझे?

"मी म्हटलंय, शेजारी," काका म्हणाले.

वडिलांनी ऐकलं. होय, शेजारीच, म्हणाले. मग दारातच उभं राहून, पोरगा अभ्यासात कसा आहे ते सगळं विचारून घेतलं. गुरुजी म्हणाले, गणित चांगलं आहे, अक्षर वाईट. संध्याकाळी वडिलांनी एक नवीन कित्त्याची वही आणून काकांच्या पुढ्यात ठेवली. चेहऱ्यावर राग नव्हता. शेजाऱ्यांनी दिलीय, एवढंच म्हणाले. त्यानंतर ते शाळेत कधी आले नाहीत.

खालून स्वराने हाक मारली. काका उठले, शर्ट सारखा केला, दारापर्यंत गेले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्या वहीत मी पानभर बापाशीचा नाव लिवलंय, बाई. सगळ्यात बऱ्या अक्षरात. पण दाखवूचो धीर काय झालो नाय."