न वितळणारं लोणी

आटपाट घर होतं. घरात एक मुलगा होता, त्याची बायको होती, त्यांची एक लेक होती आणि सगळ्यांच्या मध्ये लुडबुड करणारी एक म्हातारी होती. ती म्हातारी म्हणजे मी. (मला लिहिता येत नाही. मी सांगतेय, नात लिहून घेतेय. फिदीफिदी हसतेय, तिकडे लक्ष देऊ नका.)

तर या नातीची एक मोटारसायकल होती. तिला धड सीट नाही. बसायचंच नसतं म्हणे! उभ्याउभ्या, दगडधोंड्यांवरून, मुंगीच्या चालीने गाडी चढवायची. पाय जमिनीला टेकला की दंड. गाडी टू-स्ट्रोक. म्हणजे पेट्रोलात तेल कालवून पाजायचं, आणि तिने माझ्या वाळत घातलेल्या पातळांवर धूर सोडायचा.

स्पर्धेच्या आदल्या दिवशीची गोष्ट. नात पहिली आली तर मोठा क्लब तिला संघात घेणार होता, वर नवी गाडी देणार होता. आणि नेमकी गाडी पोटात जातं फिरावं तशी घरघरायला लागलेली. मुलाने इंजिन उघडलं. आतला दांडा ज्या कड्यात फिरतो ते कडं, म्हणजे बेअरिंग, पार झिजलं होतं. नवं एकच मिळालं, तेही त्याच सकाळी.

मुलगा ऑफिसात कारकून, पण आव इंजिनिअरचा. म्हणाला, "इंजिनाचं कवच ओव्हनमध्ये तापवायचं, म्हणजे खोबण फुगते. बेअरिंग फ्रीजरमध्ये गारठवायचं, म्हणजे ते आक्रसतं. मग नुसतं सोडलं की टुपकन बसतं."

सून घरी केक करून विकते. ओव्हन तिचा. ती म्हणाली, "माझ्या केकला ऑइलचा वास आला, तर गिऱ्हाइकं तुमच्या ऑफिसात पाठवीन."

हे सगळं बोलणं चाललं होतं तेव्हा मी डोळे मिटून विचार करत होते. (नात म्हणते, घोरत होतीस.)

उठले, पाणी प्यायला फ्रीज उघडला. फ्रीजरमध्ये कागदात गुंडाळलेलं काहीतरी गोल, चपटं. ओव्हन तर तापलेला. म्हटलं, सुनेचा केक चाललाय आणि ही बया लोणी बाहेर काढायला विसरली! काढलं. हाताला चांगलंच जड लागलं. म्हटलं, भारीतलं लोणी असणार. मऊ व्हायला ओव्हनच्या डोक्यावर ठेवलं. मधूनमधून बोटाने दाबून पाहत होते. ढिम्म! महागाच्या वस्तूंचा ताठाच वेगळा.

तेवढ्यात सुनेचा फोन वाजला, म्हणून ती बाहेर गेली. मुलगा जाडजूड हातमोजे घालून आला. फ्रीजर उघडून म्हणाला, "अरे, कुठे गेलं?" मग ओव्हनवर पाहिलं. "हां, हिने काढून ठेवलं वाटतं." मोज्यातल्या हाताला काय कळणार गार की गरम! तापलेलं कवच ओव्हनबाहेर घेतलं, कागद काढला आणि सोडलं बेअरिंग खोबणीत. ते अर्ध्यात गेलं आणि वाकडं होऊन अडकलं.

"हातोडा!" मुलगा ओरडला.

"बाबा, नको!" नात धावली. "वाकडं ठोकलंत तर खोबण ओरबाडेल. मग कवचच गेलं. उद्याचं विसरा!"

सून आत आली. "फ्रीजरमधून कुणी काढलं हे?"

"मी," मी म्हटलं. "वितळायला ठेवलं होतं."

"आई," मुलगा म्हणाला, "लोखंड?"

"मला काय ठाऊक! मी लोणी समजले."

"अहो आई, एवढं जड लोणी?"

"तेच म्हटलं, भारीतलं आहे."

मग नातीनेच कवच पुन्हा ओव्हनमध्ये ठेवलं. चांगलं तापल्यावर बापलेकीने ते लाकडी पाटावर उलटं आपटलं. बेअरिंग सुटून खाली पडलं. ना त्याला ओरखडा, ना खोबणीला. ते पुन्हा फ्रीजरमध्ये गेलं.

"आता मी काय करू?" मी विचारलं.

"आजी, सगळ्यात महत्त्वाचं काम तुझं," नात गोड आवाजात म्हणाली. "शेजारी जाऊन बस."

बसले. भिंतीपलीकडून टुप्प असा आवाज आला आणि तिघांनी एकदम आरोळी ठोकली. माझ्यावाचून झालं हो!

दुसऱ्या दिवशी पोरीने एकदाही पाय टेकला नाही. पहिली आली. क्लबाने संघात घेतलं, नवी गाडी दिली. सुनेने आनंदाने केक वाटला, तर तिला तिथल्याच लोकांकडून केकच्या इतक्या ऑर्डरी आल्या, की दुसरा ओव्हन घ्यावा लागला. घराचं भाग्य फळफळलं.

माझीही आठवण ठेवली बरं का! नातीने माझं चित्र काढून फ्रीजरच्या दारावर चिकटवलंय. हुबेहूब माझा अंबाडा, माझा चष्मा, आणि वर लाल रंगाच्या दोन तिरक्या पट्ट्यांची सजावट. आल्यागेल्याला मी कौतुकाने दाखवत होते.

काल शेजारीण म्हणाली, "अहो, ती सजावट नाही. फुली आहे."